रॅव्हेना

रॅव्हेना : उत्तर इटलीच्या एमिल्या-रोमान्या प्रदेशातील एक ऐतिहासिक शहर व त्याच नावाच्या प्रांताचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या दीड लाखाहून अधिक. पो नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिणेस, गाळाच्या सपाट मैदानात ते वसले असून सुमारे दहा-अकरा किमी. लांबीच्या कालव्याने एड्रिअ‍ॅटिक समुद्राशी जोडलेले आहे. प्राचीन काळी समुद्र व खाजणे नगराला भिडलेली होती. नद्यांच्या गाळाने किनारा पूर्वेकडे सरकत गेला आणि बंदराचे शहर भूमीवर मागे राहिले. पाचव्या-सहाव्या शतकांतील मोझेइक चित्रांसाठी (कुट्टिमचित्रांसाठी) ते जगभर ओळखले जाते. येथील आठ वास्तूंचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९९६ मध्ये समावेश झाला.

नगराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. थेसलीतून आलेल्या ग्रीकांनी ते वसविले आणि पुढे एट्रुस्कन या मध्य इटलीतील प्राचीन लोकांच्या उपद्रवामुळे अंब्रियन या दुसऱ्या प्राचीन इटालियन लोकांना तेथे सामावून घेऊन स्वतः माघारी गेले, असे स्ट्रेबो हा ग्रीक भूगोलकार सांगतो. थोरला प्लिनी मात्र त्याला सॅबाइन या आणखी एका प्राचीन इटालियन लोकसमूहाचे नगर म्हणतो. नावाचा ‘-एन्ना’ हा शेवट एट्रुस्कन वळणाचा असल्याचे काही भाषाभ्यासक दाखवून देतात. ग्रीक उगमाची कथा बहुधा नगराला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी रचली गेली असावी. मुळात अंब्रियन वस्ती आणि तिचा एट्रुस्कनांशी व्यापारी संपर्क, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नगराच्या रचनेविषयी मात्र जुन्या लेखकांत एकवाक्यता आहे. घरे लाकडी, रस्त्यांच्या जागी पाण्याचे पाट, येण्याजाण्यास पूल आणि नावा, असे वर्णन स्ट्रेबोने केले आहे. भरतीचे पाणी चिखल धुऊन नेत असल्यामुळे दलदल असूनही येथील हवा निरोगी होती आणि म्हणून ग्लॅडिएटरांना (आखाड्यात लढणाऱ्या योद्ध्यांना) येथे ठेवून तयार करीत, असेही तो नोंदवितो. वास्तुविद्येवर लिहिणाऱ्या व्हिट्रुव्हियसने येथील सार्वजनिक व खाजगी इमारतींच्या पायाखाली आल्डर झाडाचे खुंट ठोकल्याचे सांगितले आहे. हे लाकूड उघड्यावर लवकर नासते, पण ओल्या जमिनीत गाडले गेले की प्रचंड भार पेलून टिकते. गोड्या पाण्याची मात्र टंचाई होती. द्राक्षमळ्यापेक्षा पाण्याची टाकी बरी, कारण पाण्याला दर अधिक येईल, अशी कोटी मार्शल या कवीने रॅव्हेनावर केली आहे.

इ. स. पू. ४९ मध्ये रुबिकॉन नदी ओलांडण्यापूर्वी जूलियस सीझरचा मुक्काम येथे होता. ऑगस्टसने नगराच्या दक्षिणेस एड्रिअ‍ॅटिक आरमाराचा तळ उभारला. आरमाराला लॅटिनमध्ये ‘क्लासिस’ म्हणतात. त्यावरून त्या वस्तीला पडलेले क्लासे हे नाव आजही रूढ आहे. या बंदरात २५० जहाजे राहू शकत, असा उल्लेख जॉर्डनेस या सहाव्या शतकातील लेखकाने जुन्या आधारावरून केला आहे.

पश्चिम रोमन साम्राज्याचा सम्राट होनोरियस याने इ. स. ४०२ च्या सुमारास दरबार मिलानहून येथे हलविला. गॉथ या जर्मानिक टोळ्यांच्या स्वाऱ्यांपासून दलदलीचे संरक्षण मिळावे म्हणून, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण आहे. समुद्रमार्गे कॉन्स्टँटिनोपलशी राहणारा संपर्क आणि धान्याचा पुरवठा ही कारणेही तितकीच महत्त्वाची असली पाहिजेत. नुसती दलदल राजधानी पोसू शकत नाही. शिवाय पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात सम्राटांचा मुक्काम अनेकदा रोममध्येच असे, त्यामुळे रॅव्हेनाला अखंड राजधानी म्हणताना अलीकडील अभ्यासक सावधगिरी बाळगतात. ४७६ मध्ये ओडोएसर या जर्मानिक सेनानायकाने सम्राट रॉम्युलस ऑगस्टुलसला येथेच पदच्युत केले. ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकने नगराला प्रदीर्घ वेढा घातला, ४९३ मध्ये ते तहाने मिळविले आणि काही दिवसांतच मेजवानीच्या प्रसंगी ओडोएसरला ठार केले. ५४० मध्ये बायझंटिन (पूर्व रोमन) सेनापती बेलिसेरियसने नगर घेतले. सहाव्या शतकाच्या अखेरीपासून ७५१ पर्यंत इटलीतील बायझंटिन प्रदेशाचा कारभार येथील ‘एक्झार्क’ या अधिकाऱ्याकडे होता. या काळाचा मोठा आधार म्हणजे नवव्या शतकातील अ‍ॅग्नेलस या स्थानिक धर्मगुरूने लिहिलेली येथील बिशपांची चरित्रे. त्याने आज नष्ट झालेले अनेक लेख वाचले होते, तथापि घटनांपासून तो तीन-चार शतके दूर होता.

वास्तूंपैकी सर्वाधिक वाद ‘गाला प्लासिडियाची समाधी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या, क्रूसाकार इमारतीविषयी आहे. गाला प्लासिडिया ही सम्राट पहिल्या थिओडोशियसची कन्या व होनोरियसची सावत्र बहीण. ४१० मध्ये रोम लुटले गेले त्या काळात ती गॉथांच्या हाती सापडली, त्यांचा राजा अथौल्फ याच्याशी तिचा विवाह झाला, आणि पुढे आपला पुत्र तिसरा व्हॅलेंटिनियन याच्या बालपणी तिने साम्राज्याचा कारभार पाहिला. ती ४५० मध्ये रोममध्ये मरण पावली व बहुधा तेथेच पुरली गेली. इमारतीतील तीन दगडी शवपेट्या तिच्या, तिच्या दुसऱ्या पतीच्या व पुत्राच्या होत, ही समजूत मध्ययुगातील आहे. तिला समकालीन पुरावा नाही. ही वास्तू मुळात सांता क्रोचे या चर्चच्या पुढील ओसरीला जोडलेली होती. ते चर्च गालाने बांधविल्याची परंपरा बरीच विश्वसनीय असल्याने ही जोडवास्तूही तिच्याच आश्रयाने, पाचव्या शतकाच्या दुसऱ्या पादात उभी राहिली, एवढे मानण्यास हरकत नाही. तिचा हेतू समाधीचा होता की हुतात्म्याच्या स्मरणार्थ प्रार्थनागृहाचा, हा प्रश्न खुला राहतो. दारासमोरच्या भिंतीवर पेटलेली लोखंडी शेगडी, तिच्याकडे झेपावणारा संत आणि चार शुभवर्तमानांची पुस्तके ठेवलेले उघडे कपाट दाखविले आहे. हा संत लॉरेन्स होय, हे रूढ मत. काही अभ्यासक त्याला संत व्हिन्सेंट मानतात.

बाहेरून ही इमारत साध्या विटांची व बुटकी दिसते. जमिनीतील पाण्याची पातळी वाढत गेल्यामुळे आतली फरसबंदी सुमारे दीड मीटर वर घ्यावी लागली, त्यामुळे मूळची उंची आज अनुभवता येत नाही. तोटा असा की प्रमाण बिघडले. लाभ असा की गडद निळे छत व त्यावरील सोनेरी तारे पाहणाऱ्याच्या डोक्याजवळ आले. खिडक्यांना बसविलेल्या अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाच्या पातळ तक्त्यांतून मधासारखा पिवळसर उजेड झिरपतो. या तक्त्या मूळच्या नव्हेत, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या आहेत. आत शिरल्यावर प्रथम काळोखच वाटतो; डोळे सरावल्यावर निळा रंग हळूहळू उमलतो, म्हणून येथे घाई न करणे श्रेयस्कर.

या चित्रांचे तंत्र थोडक्यात असे : भिंतीवर चुन्याच्या गिलाव्याचे थर देत आणि शेवटचा थर ओला असतानाच त्यात रंगीत काचेचे व दगडाचे छोटे तुकडे दाबून बसवीत. सोनेरी तुकड्यासाठी काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवून त्यावर काचेचा दुसरा पातळ पापुद्रा चढवीत. तुकडे एका पातळीत न बसविता किंचित निरनिराळ्या कोनांत बसविल्यामुळे पाहणारा हलला की प्रकाशही हलतो. छायाचित्रात नेमके हेच हरवते.

थिओडोरिक हा एरियन पंथाचा होता. त्या पंथाच्या मते पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नव्हता. त्यामुळे नगरात दोन बाप्तिस्मागृहे आढळतात, एक कॅथलिकांचे व एक एरियनांचे. दोन्हींच्या घुमटांत जॉर्डन नदीतील ख्रिस्ताचा बाप्तिस्मा चितारला आहे. राजवाड्यालगतच्या सांत’आपोल्लिनारे नुओव्हो या चर्चमध्ये पंथबदलाची खूण भिंतीवरच उमटलेली दिसते. बायझंटिन सत्ता आल्यावर, ५६१ च्या सुमारास, हे चर्च कॅथलिकांकडे आले व चित्रांत फेरफार झाले. एका बाजूस ‘पालातियुम’ असे नाव लिहिलेल्या राजवाड्याच्या कमानी आहेत. त्यांत पूर्वी थिओडोरिक व त्याचे दरबारी उभे असावेत. आज तेथे गाठी मारलेले पांढरे पडदे आहेत. परंतु पुसणाऱ्याकडून काही राहून गेले : पांढऱ्या खांबांवर, पडद्यांच्या कडेने, कोणाची बोटे, कोणाचा तळहात व मनगट अजून शिल्लक आहे. खांबांवर पसरलेले हे हात काढायचे तर खांबही फोडावे लागले असते, हे कारण संभवते.

थिओडोरिकची समाधी नगराच्या तटाबाहेर आहे. त्याने हयातीतच चौकोनी घडीव दगडांची समाधी बांधविली व वर ठेवण्यासाठी एक प्रचंड शिळा शोधली, असे सहाव्या शतकातील एका अनामिक वृत्तांतात म्हटले आहे. दहा बाजूंच्या या दुमजली वास्तूचे छत खरोखरच एकाच दगडाचे आहे. तो इस्त्रियातून, म्हणजे समुद्रापलीकडून आणलेला असून त्याचा व्यास पावणेअकरा मीटरच्या आसपास व वजन निरनिराळ्या अंदाजांनुसार २३० ते ३०० टन भरते. कडेला दगडातच कोरलेले बारा कान, म्हणजे कड्यांसारखे उंचवटे, आहेत व त्यांवर प्रेषितांची नावे आहेत. या कानांतून दोर ओवून शिळा उचलली, असे पूर्वी मानीत. मातीचा उतार रचून ती ओढत वर नेली व कान शेवटी दगड जागेवर बसविताना उपयोगी पडले, हे मत वजनाचा विचार करता अधिक संभाव्य वाटते. छताला गेलेला तडा विजेचा म्हणून लोककथेत सांगतात. तो दगड बसवितानाच गेला असावा.

सान व्हिताले हे अष्टकोनी चर्च बिशप एक्लेसियसच्या काळात सुरू होऊन ५४७ मध्ये बिशप मॅक्सिमियनच्या हस्ते समर्पित झाले. जूलियस अर्जेंतारियस नावाच्या धनिकाने त्यावर २६,००० सुवर्णनाणी खर्च केली, असे अ‍ॅग्नेलस सांगतो. वजन कमी व्हावे म्हणून घुमट मातीच्या पोकळ नळ्या एकमेकींत अडकवून रचला आहे. वेदीच्या दोन्ही बाजूंस सम्राट जस्टिनियन व सम्राज्ञी थिओडोरा परिवारासह समोरासमोर आहेत. दोघांपैकी कोणीही रॅव्हेनास आल्याचा पुरावा नाही. थिओडोराच्या वस्त्राच्या काठावर बालख्रिस्ताला भेटी घेऊन जाणारे तीन ज्ञानी पुरुष विणलेले दाखविले आहेत. तिच्या हातातील पात्राशी त्यांचा अर्थ जुळतो. क्लासे येथील सांत’आपोल्लिनारे ही बॅसिलिका ५४९ ची आहे.

७५१ मध्ये लोंबार्ड या जर्मानिक लोकांनी नगर जिंकले, त्यानंतर ते पोपच्या सत्तेखाली गेले. मध्ये व्हेनिसचा अंमल होता. १५१२ मध्ये येथे मोठी लढाई झाली. दान्ते हा कवी फ्लॉरेन्समधून हद्दपार झाल्यावर अखेरीस येथे राहिला व सप्टेंबर १३२१ मध्ये वारला. १५१९ मध्ये पोपच्या परवानगीने फ्लॉरेन्सची माणसे अस्थी न्यावयास आली तेव्हा पेटी रिकामी निघाली. फ्रान्सिस्कन साधूंनी त्या आधीच काढून घेतल्या होत्या. १८६५ मध्ये दुरुस्तीच्या वेळी मठाच्या भिंतीत त्या सापडल्या. सध्याची समाधी १७८० च्या सुमाराची असून तेथील दिव्याचे तेल दरवर्षी फ्लॉरेन्स पुरविते.

विसाव्या शतकात नैसर्गिक वायू, तेलशुद्धीकरण व रसायने या उद्योगांमुळे शहर वाढले. भूजलाच्या बेसुमार उपशाने आधीच खचणारी जमीन मध्यंतरी वेगाने खचू लागली. पुढे उपशावर बंधने आल्यावर हा वेग घटला. दान्तेच्या समाधीजवळच्या सान फ्रांचेस्को चर्चच्या तळघरात भूजल कायमचे साचलेले आहे. वेदीखालच्या झरोक्यातून पाहिले असता त्या पाण्यात मासे फिरताना व त्यांच्याखाली जुन्या मोझेइक फरशीची नक्षी दिसते.