अणू, रेणू आणि हिंदीतला अणु

भाचीनं वहीत लिहिलं होतं, ‘पाण्याच्या एका अणूत हायड्रोजनचे दोन परमाणू असतात.’ बाईंनी दोन्ही शब्दांवर लाल शाईनं काट मारली होती. ती फणकारली, “पण मावशी, व्हिडिओत असंच सांगितलंय!” व्हिडिओ लावून बघितला. हिंदी होता, आणि त्यात काहीही चुकलेलं नव्हतं.

गोम अशी, की हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि मॉलिक्यूलला अणु. मराठीत ॲटम म्हणजे अणू, मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीतला अणु मराठीत येताना एक पायरी खाली उतरतो, मॉलिक्यूलवरून ॲटमवर. म्हणून दिल्लीच्या कागदावरची ‘परमाणु ऊर्जा’ आपल्याकडे ‘अणुऊर्जा’ होते. हिंदीलाही हे सगळीकडे पाळता आलेलं नाही म्हणा. मुंबईतलं अणुशक्तीनगर हिंदीतही अणुशक्तिनगरच आहे, म्हणजे पाठ्यपुस्तकी हिंदीनं बघायचं तर रेणूंच्या शक्तीचं नगर! आपणही काही फार नेटके नाही. बोलताना ‘अणुरेणूत’ असं एका दमात म्हणून दोघांना एकाच पोत्यात भरतो.

परमाणू हा शब्द वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनातला, कणादांच्या परंपरेतला. तिथं दोन परमाणू मिळून द्व्यणुक, तीन द्व्यणुकं मिळून त्र्यणुक, आणि खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसतो तो कण म्हणजे हे त्र्यणुक. विचार देखणा आहे, पण तो आजच्या अणूला जसाच्या तसा चिकटवू नये. वैशेषिकांचे परमाणू पृथ्वी, जल, तेज, वायू असे चार जातींचे. त्यांच्या लेखी पाणी हीच मुळातली जात, त्यात हायड्रोजन शोधायचा प्रश्नच नव्हता.

आता मराठीतल्या जोडीकडे. चहाचं आधण उकळून वाफ झाली तरी ती पाण्याचीच असते, कारण रेणू शाबूत असतो, फक्त एकमेकांपासून लांब गेलेला. त्याच पाण्यातून वीज सोडली की रेणू मोडतो आणि हायड्रोजन, ऑक्सिजन असे दोन वायू वेगवेगळ्या टोकांना बुडबुडतात. पाणी संपलं, अणू मात्र एकही कमी झाला नाही. म्हणजे मूलद्रव्याची ओळख अणूत आणि पदार्थाची ओळख रेणूत. ऑक्सिजनचे दोन अणू जोडले की आपण श्वासात घेतो तो वायू, तीन जोडले की ओझोन, जो हुंगणं छातीला बाधतं. अणू तेच, रेणू बदलला.

भाचीला मी सांगितलं, की यात गोंधळलेली तू पहिली नाहीस. आधुनिक अणुसिद्धांत मांडणाऱ्या खुद्द जॉन डाल्टनचं इथंच अडलं होतं. 1808 साली त्याचं पुस्तक आलं, तेव्हा पाण्याच्या कणात किती अणू असतात हे मोजायची सोयच नव्हती. त्यानं सगळ्यांत साधं गणित धरलं, एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. त्याच सुमारास फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकनं वायू मापून दाखवले, की दोन मापं हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून दोन मापं वाफ होते. सारख्या मापात सारखेच कण असतील, तर ऑक्सिजनच्या प्रत्येक कणाचे दोन तुकडे झाले असले पाहिजेत. अणू तर अविभाज्य! डाल्टननं हे मोजमापच मानायला नकार दिला.

1811 मध्ये इटलीतल्या ॲव्होगॅड्रोनं गाठ सोडवली. फुटतो तो अणू नव्हे, ऑक्सिजनचा कण मुळातच जोडीचा आहे. आज आठवीतलं पोर हे म्हणतं, पण तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. एकाच जातीचे दोन अणू एकमेकांना दूर लोटतील, चिकटतील कसे, अशी स्वीडिश रसायनतज्ज्ञ बर्झेलियसची धारणा होती आणि त्याचा शब्द वजनदार. मग पन्नास वर्षं आनंदच होता. हायड्रोजनच्या अणूचा भार 1 धरून कुणी ऑक्सिजनचा 8 धरी, कुणी 16. सिरक्यात असतं त्या ॲसेटिक ॲसिडची एकोणीस वेगवेगळी सूत्रं जर्मन रसायनतज्ज्ञ केकुलेनं आपल्या पुस्तकात नोंदली आहेत. शेवटी 1860 च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्ल्सरूहला रसायनतज्ज्ञांची परिषद भरली आणि इटलीच्याच कॅनिझारोनं आपल्या देशबांधवाची, ॲव्होगॅड्रोची, बाजू मांडली. श्रोत्यांत तरुण मेंडेलीव्ह होता. अणुभार नीट लागले म्हणून नऊ वर्षांनी त्याची मूलद्रव्यांची आवर्तसारणी उभी राहू शकली. ॲव्होगॅड्रो मात्र 1856 मध्येच वारला होता.

‘अविभाज्य’ हे विशेषणही पुढं टिकलं नाही. अणूच्या मध्यभागी प्रोटॉन-न्यूट्रॉनचं केंद्रक, अणूच्या साधारण एक लाखांश रुंदीचं, आणि भोवती इलेक्ट्रॉन. रेणू जुळतात-मोडतात ते बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या देवघेवीनं, आत केंद्रकाला त्याचा पत्ताही नसतो. शेगडीत पाइपचा गॅस जळतो तेव्हा मिथेनचा रेणू मोडतो, पण त्यातला कार्बन कार्बनच राहतो. तारापूरच्या अणुभट्टीत युरेनियमचं केंद्रकच दुभंगतं आणि युरेनियम युरेनियम उरत नाही. अशा एका विखंडनातून निघणारी ऊर्जा मिथेनचा एक रेणू जळून मिळणाऱ्या ऊर्जेच्या दोन कोटी पटींहून जास्त भरते. शेगडी ही रेणूची करामत, भट्टी ही अणूची.

एवढं ऐकून तिनं वाक्य खोडून पुन्हा लिहिलं: ‘पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात.’ मग पेन चावत म्हणाली, “फुग्यातल्या हेलियमचा रेणू कसा असतो?” एकाच अणूचा. हेलियम कुणाशी जोडी करत नाही, तिथं अणू आणि रेणू एकच. “आणि मिठाचा?” मी डब्यातला एक खडा तिच्या तळहातावर ठेवला. मिठाला रेणू नसतोच. सोडियम आणि क्लोरिनचे भारित कण एकाआड एक, वर-खाली, चहूकडे रचलेले. कुठल्या सोडियमचा जोडीदार कुठला क्लोरिन, हे सांगताच येत नाही. तिनं खडा निरखला, जिभेवर टाकला आणि विचारलं, “मग परीक्षेत मिठाचं रेणुसूत्र लिहा म्हणतात, ते?”