एचडीतली कुस्ती डीव्हीडीवर कशी उतरते?

सांगली-मिरजेच्या बाजारात लग्नाच्या शूटिंगची डीव्हीडी करायला गेलं की 'एचडी डीव्हीडी देतो' असं छातीठोकपणे सांगितलं जातं. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमाबद्दलही लोकांचा तोच समज आहे: मूळ एचडी, मग डीव्हीडीही एचडी. हे खरं नाही. 'एचडी डीव्हीडी' नावाची तबकडी एकेकाळी निघाली होती, पण ब्लू-रेपुढे तिचा टिकाव लागला नाही आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने तिचा गाशा गुंडाळला. आपल्या प्लेअरमध्ये चालते ती साधी डीव्हीडी. तिच्यातलं चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचं, तर एचडीचं १९२० बाय १०८०. गुणाकार करून बघा: ४,१४,७२० आणि २०,७३,६००. बरोबर पाचपट फरक. पाचातले चार बिंदू जाणार, त्याला इलाज नाही. पाचवा मात्र स्वच्छ ठेवता येतो.

आता कोण डीव्हीडी बघतं, असं विचारू नका. खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरपासून मारुती मानेंच्या कवठेपिरानपर्यंतचा हा सगळा पट्टा कुस्तीवेडा. कितीतरी तालमींत जुना प्लेअर आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही अजून चालू आहे. वस्ताद पोरांना समोर बसवतात, चित्र थांबवतात आणि ढाक हा डाव लावताना पाय नेमका कुठे होता ते दाखवतात. तिथे चित्र फाटलेलं असेल तर शिकवायचं काय?

टीव्हीवरचं चित्र फोटोसारखं एका क्षणाचं नसतं, गोची इथेच आहे. आपल्याकडे टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र दाखवतो. दर वेळी अख्खं चित्र पाठवायचं तर फार जागा लागते, म्हणून आधी १, ३, ५ अशा विषम ओळी जातात आणि १/५० सेकंदाने २, ४, ६ अशा सम ओळी. अशा अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. दोन फील्ड मिळून एक फ्रेम. आपल्या एचडी वाहिन्याही याच पद्धतीने चालतात. १०८० पुढचा 'आय' त्याचीच खूण.

समजा पैलवानाचा हात अर्ध्या सेकंदात पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. अर्ध्या सेकंदात २५ फील्ड, म्हणजे दर फील्डमागे हात सुमारे ७७ बिंदू सरकला. फ्रेम थांबवून बघितली तर हाताच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा दिसतात. विषम ओळींत हात एका जागी, सम ओळींत ७७ बिंदू पुढे.

आता ही फ्रेम लहान करायची. १०८० ओळींच्या ५७६ करायच्या, म्हणजे दर १५ ओळींच्या ८. नवी ओळ शेजारच्या जुन्या ओळींची सरासरी काढून बनते. पण शेजारच्या ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या आहेत! सरासरीत दोन क्षण एकमेकांत मिसळतात आणि पैलवानाला दोन अर्धपारदर्शक हात फुटतात. हे मिश्रण नंतर कशानेही सोडवता येत नाही. 'कन्व्हर्ट' बटण दाबून केलेल्या डीव्हीडी गढूळ दिसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

यावर एफएफएमपेग या खुल्या सॉफ्टवेअरमधला उपाय मला फार आवडतो. त्यातला यॅडिफ नावाचा फिल्टर प्रत्येक फील्डमधल्या गाळलेल्या ओळी भरून काढतो. एखादा बिंदू भरताना तो आधीच्या आणि नंतरच्या फील्डमध्ये त्याच जागी काय होतं ते तपासतो. तिथे हालचाल नसेल तर तीच माहिती उचलतो; असेल तर त्याच फील्डच्या वरच्या-खालच्या ओळी बघतो, कड कोणत्या तिरक्या दिशेने जाते ते ओळखतो आणि त्या दिशेने भरतो. अशी सेकंदाला ५० पूर्ण चित्रं तयार होतात, प्रत्येक एकाच क्षणाचं. ही ५० चित्रं खुशाल लहान करा. मग पहिल्यातून २८८ विषम ओळी घ्या, दुसऱ्यातून २८८ सम, आणि पुन्हा विणा. सेकंदाला २५ फ्रेम, पण हालचाल पन्नासाचीच. इथे बरेच जण ५० ऐवजी २५ चित्रांवर थांबतात. मग डावाची अर्धी हालचाल हरवते. पुन्हा विणताना उभ्या दिशेने किंचित मऊपणा आणावा लागतो, नाहीतर गुणफलकाची बारीक आडवी रेघ एकाच फील्डमध्ये येते आणि लखलखत राहते.

रंगाचंही गणित बदलतं. उजेडाची पातळी काढताना एचडीत हिरव्याचा वाटा ०.७१५२ आणि लालाचा ०.२१२६ धरतात, डीव्हीडीत तेच ०.५८७ आणि ०.२९९. हे रूपांतर करायचं राहून गेलं तर आखाड्यातली लाल माती वेगळीच दिसते.

जागेचा हिशेब सोपा आहे. एकपदरी डीव्हीडीत ४७० कोटी बाइट मावतात. दीड तासाच्या मैदानाला वाटून बघितलं तर सेकंदाला सुमारे ७० लाख बिट मिळतात, ते छान पुरतात. तीन तास कोंबले तर ३५ लाखच. मग उधळलेल्या मातीत चौकोन दिसू लागतात, कारण डीव्हीडीचं एमपेग-२ हे चित्र दाबण्याचं तंत्र चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे तुकडे करून ते दाबतं. त्यामागची गणिती युक्ती बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७४ साली प्रसिद्ध केली, हे आपल्या शाळांत सांगायलाच हवं.

आणि हो, 'एआयने डीव्हीडीची ४के करून देतो' या जाहिरातीला भुलू नका. गेलेले चार बिंदू परत येत नाहीत. यंत्र तिथे अंदाजाने काहीतरी रंगवतं. खांदे टेकले की नाही, हा वाद अशा चित्रावर सोडवता येणार नाही.

बाकीची कामं झटपट होतात. डीटीएच बॉक्सवरचं रेकॉर्डिंग बहुधा कुलूपबंद असतं, म्हणून कुलूप न लावलेली वाहिनी संगणकाच्या ट्यूनर कार्डवर रेकॉर्ड करावी, आणि तीही स्वतःपुरती. हँडब्रेक हे लोकप्रिय सॉफ्टवेअर डीव्हीडी बनवत नाही, त्याच्या नादी लागू नका. मेनू आणि रचनेसाठी डीव्हीडीस्टायलर, तबकडी लिहायला के३बी.

पहिली प्रत पुसता येणाऱ्या आरडब्ल्यू तबकडीवर काढा आणि पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच बघा, कारण फील्डच्या क्रमातला दोष संगणक लपवतो. पैलवान पुढे-मागे थरथरत असेल तर विषम-सम फील्डचा क्रम उलटा पडलाय. तेवढी एक सेटिंग बदलून पुन्हा लिहा.