ब्रिटनमधला चाकूचा कायदा बदलायचाय? मग याचिका का फेटाळतात ते आधी पाहा

ब्रिटिश संसदेच्या वेबसाइटवर याचिका दाखल करायला स्टँपपेपर लागत नाही, नोटरी लागत नाही, फीसुद्धा नाही. त्यामुळे लोक रागाच्या भरात रात्री अकराला चार ओळी खरडतात आणि मग ती परत आली की "इथेही सरकारी कारभारच" म्हणतात. कारभार आहेच, पण चाकूच्या बाबतीत परत येणाऱ्या बऱ्याच याचिका मुळात चुकीचं काही मागत असतात, किंवा चुकीच्या दारात उभ्या असतात.

आधी कायदा, थोडक्यात. इंग्लंड आणि वेल्समध्ये क्रिमिनल जस्टिस ॲक्ट १९८८ चं कलम १३९ लागू आहे. खिशात मावणारा घडीचा चाकू, धारेची लांबी ३ इंचांपर्यंत, एवढा कारण न देता जवळ ठेवता येतो. बाकी कुठलाही चाकू सार्वजनिक जागी सापडला तर "योग्य कारण" दाखवण्याची जबाबदारी तुमची, आणि शिक्षा ४ वर्षांपर्यंत जाऊ शकते. कामासाठी, धार्मिक कारणासाठी किंवा राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून, हे बचाव कायद्यातच लिहिलेले आहेत. खरी मेख पुढे आहे. घडीच्या चाकूचं पातं उघडल्यावर खटक्याने अडकून बसत असेल, तर तो घडीचा चाकू धरलाच जात नाही, मग पातं दोन इंचांचं का असेना. हे १९९३ च्या हॅरिस खटल्यापासून ठरलेलं आहे. खटका असतो तो पातं बोटांवर मिटू नये म्हणून. म्हणजे सुरक्षित चाकूवर बंधन जास्त! ट्रेकवाले आणि हौशी कारागीर चिडतात ते यावरच, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही.

पात्रता सोपी आहे, तरी गोंधळ होतोच. ब्रिटिश नागरिक जगात कुठेही असला तरी याचिका करू शकतो आणि सही करू शकतो. ब्रिटनमध्ये राहणारा कुठल्याही देशाचा नागरिकही करू शकतो, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शिकायला आलेला मुलगा चालतो. पुण्यातले काका मात्र ब्रिटिश नागरिक नसतील तर चालत नाहीत. प्रेमापोटी त्यांच्याकडून सही घेऊ नका. सही केल्यावर ईमेलवर एक दुवा येतो, तो दाबेपर्यंत सही मोजली जात नाही. ज्येष्ठ मंडळींचा हा ईमेल स्पॅममध्ये पडून राहतो, तेव्हा फोन करून विचाराच. एका माणसाची एकच सही.

आता दार कुठलं ते बघा. तुम्ही ग्लासगोला राहत असाल आणि तिथल्या चाकूच्या कायद्याबद्दल तक्रार असेल, तर वेस्टमिन्स्टरकडे, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेकडे, केलेली याचिका फुकट जाते. तिथला फौजदारी कायदा वेगळा, तो स्कॉटिश संसदेच्या हातात, आणि तिची याचिकेची पद्धतही स्वतंत्र आहे. कार्डिफचं नेमकं उलट. वेल्सला स्वतःची संसद आहे म्हणून लोक तिकडे धावतात, पण हा विषय तिच्याकडे नाही, त्यासाठी लंडनच.

मागणीच्या शब्दांपाशी सगळ्यात जास्त वेळ घालवा. "चाकूचे जाचक कायदे रद्द करा" यातून सरकारने नेमकं काय करायचं, हे कळत नाही. "३ इंचांपर्यंतचं, खटक्याने अडकणारं पातं असलेला घडीचा चाकू कलम १३९ मधून वगळा" ही मागणी झाली. तीच मागणी करणारी याचिका आधीपासून सुरू असेल तर तुमची नाकारली जाते, म्हणून आधी शोधा आणि सापडली तर मुकाट्याने तिच्यावर सही करा. आपलं नाव वर असावं हा मोह इथे नडतो. कोर्टात चालू असलेल्या खटल्याचा उल्लेखही टाळा. "माझ्या भावाला अडकवलंय" हे कितीही खरं असलं तरी ते वकिलाला सांगायचं, याचिकेत नाही.

मजकूर लिहून झाला की पाच समर्थक लागतात, त्यानंतर कर्मचारी तो तपासतात. समर्थकांनी सह्या केल्यावर शब्द बदलता येत नाहीत, तेव्हा आधीच चार जणांना वाचायला द्या. याचिका सुरू करणाऱ्याचं नाव सगळ्यांना दिसतं, सही करणाऱ्यांचं दिसत नाही.

सहा महिने मुदत. १०,००० सह्यांना सरकारचं लेखी उत्तर मिळतं, १,००,००० झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. "विचार होतो" हे नीट वाचा. चर्चा झालीच तर बहुधा सोमवारी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये होते आणि तिथे कायद्यावर मतदान होत नाही. मध्येच निवडणूक लागून संसद विसर्जित झाली तर सुरू असलेल्या याचिका तिथेच बंद पडतात. २०२४ च्या मे महिन्यात तसंच झालं.

मुदतीची दुसरी गफलत जास्त महाग पडते. नव्या प्रकारच्या हत्यारावर बंदी बहुतेक वेळा नव्या विधेयकाने नाही, तर मंत्र्याच्या आदेशाने येते. तो आदेश संसदेत मांडला की खासदार त्याला हो म्हणतात किंवा नाही, त्यातला एक शब्दही बदलू शकत नाहीत. म्हणजे बातमी वाचून जागे झालात तर उशीर झालेला असतो. बोलायची वेळ त्याआधीची, गृहखातं लोकांची मतं मागवतं तेव्हाची. कोयत्यासारख्या मोठ्या पात्यांबाबतची अशी मुदत २०२३ मध्ये ६ जूनला संपली, आणि त्यातून निघालेली बंदी लागू झाली २४ सप्टेंबर २०२४ ला. मधल्या काळात ओरडणाऱ्यांचं कोणी ऐकलं नाही.

वेळेवर आणि नेमकं मागितलं तर मिळतं, याचीही उदाहरणं आहेत. २०१८-१९ मध्ये हत्यारांचं नवं विधेयक आलं तेव्हा शीख संघटना आणि ब्रिटिश शिखांसाठीचा सर्वपक्षीय खासदार गट विधेयक सभागृहात असतानाच कामाला लागला. मोठं कृपाण बाळगण्याची आणि भेट देण्याची तरतूद त्यांनी कायद्यात घालून घेतली. तलवारींचंही तसंच. ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वाकड्या पात्यावर एप्रिल २००८ मध्ये बंदी आली, आणि पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारींना सूट मिळाली ती त्याच वर्षीच्या दुरुस्तीत. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी तलवार मागवणाऱ्या मंडळांनी हे लक्षात ठेवावं: लांबी मुठीपासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजतात, वाकावरून नाही. आणि विकत घेण्यावरची सूट वेगळी, रस्त्यावर मिरवण्याचं योग्य कारण वेगळं.

सह्या जमत नसतील तर आपल्या खासदाराला लिहा. आपल्याच, कारण दुसऱ्या मतदारसंघातला माणूस दिसला की तिथलं कार्यालय पत्र बाजूला ठेवतं. पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड घाला. खासदार कागदी याचिकाही सभागृहात मांडू शकतात. तिला सह्यांची किमान संख्या लागत नाही. भाषण न करता ती सभापतींच्या खुर्चीमागे टांगलेल्या पिशवीत टाकता येते. सह्या हाताच्या, मूळ हव्यात, झेरॉक्स चालत नाही. सोबत पत्रं, फोटो, कात्रणं जोडायची नाहीत.

आणि खासदाराला भेटायला जाताना "हा बघा, एवढासाच आहे" म्हणून तो चाकू खिशात घालून नेऊ नका. फोटो न्या. याचिका सुरू असली तरी कायदा आहे तसाच लागू असतो, रस्त्यावर उभ्या गाडीतही लागू असतो, आणि "ट्रेकवरून आल्यावर काढायचा राहिला" एवढं सांगणं कोर्टात सहसा पुरत नाही.