स्थैतिक वायुस्थितिस्थापकतेचे विश्लेषण

उड्डाणात हवेच्या भाराने विमानाचा पंख वाकतो, पिळतो. आणि आकार बदलला की भारही बदलतो. दोन्ही एकमेकांशी जुळून स्थिरावतील असा समतोल शोधणे हे या विश्लेषणाचे काम. फ्लटरसारखी कंपने गतिक शाखेत मोडतात.

ध्वनीपेक्षा कमी वेगात उत्थापन, म्हणजे विमानाला वर उचलणारे बल, पंखाच्या रुंदीच्या पुढच्या चतुर्थांशापाशी लागते. पंख ज्या अक्षाभोवती पिळतो तो सहसा त्याच्या मागे असतो. त्यामुळे पंखाची पुढची कड वर उचलली जाते, आघातकोन (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन) वाढतो, उत्थापन आणखी वाढते. पंखाचा ताठपणा आहे तेवढाच राहतो, हवेचा जोर मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ताठपणा जिथे हरतो आणि पीळ आवरेनासा होतो तो अपसरण वेग. एक छेद आणि एक स्प्रिंग एवढ्या साध्या गणितातही दिसते, की या वेगाच्या ७१ टक्क्यांनाच कोन मूळच्या दुप्पट होतो. मूळ कोन लहान होता की मोठा, याने अपसरण वेगात काहीच फरक पडत नाही.

१९१८ मध्ये जर्मनीच्या फोकर डी-८ विमानांचे पंख हवेत मोडले. फोकरच्या सांगण्यानुसार, मागचा स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी तुळई) मजबूत करायला लावल्याने पिळाचा अक्ष मागे सरकला आणि पंख उलट धोक्यात आला. चौकशीत मात्र सदोष बांधणीवर बोट ठेवले गेले. फोकरचे म्हणणे यंत्रशास्त्राला धरून आहे: मजबुती आणि ताठपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. मागे झुकलेल्या पंखात वाकण्यामुळेच टोकाचा कोन कमी होतो, म्हणून अपसरणाचा धोका जवळजवळ टळतो. पण एलेरॉनचा (विमान कलवणारी, पंखाच्या मागच्या कडेची झडप) परिणाम उलटा होण्याचा धोका राहतो; बोइंग बी-४७ ला तो भोवला. पुढे झुकलेल्या पंखात उलट हा कोन वाढतो; तसा पंख असलेले प्रायोगिक विमान एक्स-२९ (१९८४) उडाले ते कार्बन तंतूंचे थर मुद्दाम तिरके रचून.

आज पंखाचा सांगाडा फायनाइट एलिमेंटने, म्हणजे लहान तुकड्यांच्या जाळीने मांडतात; हवेचा भार व्होर्टेक्स लॅटिस किंवा डब्लेट लॅटिस (१९६९) पद्धतीने, पंखाच्या पृष्ठाचे चौकटींच्या (पॅनेल) जाळीत भाग पाडून काढतात. दोन्ही जाळ्यांचे बिंदू एकमेकांवर पडत नाहीत, म्हणून मधे स्प्लाइन, म्हणजे दोन्ही जाळ्या जोडणारे गणिती सूत्र, लागते. खरी डोकेदुखी इथेच: भार एका जाळीवरून दुसऱ्या जाळीवर नेताना एकूण बल आणि आघूर्ण (बलाचा फिरवण्याचा परिणाम) तसेच राहायला हवेत. भार आणि विकृती (आकारातला बदल) यांचे नाते रेषीय, म्हणजे सरळ प्रमाणातले, असेल तर दोन्ही समीकरणे एकदमच सुटतात. नाहीतर उत्तर स्थिरावेपर्यंत आवर्तने करावी लागतात. ध्वनिवेगाच्या आसपास आघात लहरींमुळे हे पॅनेल-गणित कमी पडते, तिथे सीएफडी (हवेच्या प्रवाहाचे संगणकी गणित) जोडतात. हेच गणित उलटे चालवून कारखान्यात पंख कोणत्या आकारात बांधायचा तेही ठरते, कारण उड्डाणातला आकार तोच नसतो.