नळाच्या पाण्याचं मॉडेल: पाइप कायम भरलेला असतो हे धरून चालणारं गणित

फिल्टर प्लांटमधून चांगलं निघालेलं पाणी नळापर्यंत पोचेस्तोवर त्याचं काय होतं, हा प्रश्न तसा उशिराच विचारला गेला. १९३६ मध्ये अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या हार्डी क्रॉस यांनी पाइपांच्या जाळ्यात कुठून किती पाणी वाहील हे हाताने काढायची पद्धत दिली, पण त्या गणितात फक्त प्रवाह आणि प्रेशर होतं, पाणी कसलं आहे ते नव्हतंच.

१९७४ ला तिकडे पिण्याच्या पाण्याचा कायदा आला आणि १९९३ ला तिथल्या ईपीएने, म्हणजे सरकारी पर्यावरण संस्थेने, पाइपांच्या जाळ्यातल्या पाण्याचं गणित करणारं एपानेट हे सॉफ्टवेअर काढलं, लुईस रॉसमन यांनी लिहिलेलं आणि तेही अगदी फुकट, ही फार मोठी गोष्ट होती. क्लोरीन पाण्यात खर्च होतो तसाच पाइपच्या आतल्या भिंतीवरही होतो, म्हणून लाइनच्या शेवटच्या टोकाला किती उरेल, पाणी किती तास जुनं झालंय, कुठल्या विहिरीचं पाणी कुठल्या गल्लीत जातंय, सगळं त्यात काढता येतं. न्यू जर्सीतल्या टॉम्स रिव्हर भागात लहान मुलांमधल्या कॅन्सरचा तपास चालू होता तेव्हा याच एपानेटवर १९६२ ते १९९६ चा पाणीपुरवठा परत उभा केला, कुठल्या भागात कधी कुठल्या विहिरीचं पाणी गेलं ते कळावं म्हणून.

आता आपल्याकडची अडचण. एपानेट पाइप कायम भरलेला आहे असं धरतं, आणि आपल्या बहुतेक शहरांत पाणी येतं दिवसातून दोन-तीन तास, कुठे दिवसाआड. चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला की लाइन रिकामी होते, आतलं प्रेशर जातं, त्यात कुणी थेट नळाला मोटर लावलेली असते ती उरलंसुरलं पाणी खेचते, आणि शेजारच्या गटाराचं पाणी गळक्या जॉइंटमधून आत शिरतं. मग पाणी सुटलं की पहिलं गढूळ येतं ते हेच, त्यात पाइपात साचलेला गाळही असतो. हुबळी-धारवाडमध्ये २४ तास पाणी असलेले आणि ठराविक वेळी पाणी येणारे भाग शेजारी ठेवून तपासले, तर ठराविक वेळच्या नळांत ई-कोलाय (पाण्यात मैला मिसळल्याची खूण असलेले जंतू) कितीतरी जास्त वेळा सापडले.

म्हणून पाइप भरतानाचा हा टप्पा पकडायला संशोधकांनी पावसाच्या पाण्याच्या गटारांसाठी १९७१ ला बनलेलं एसडब्ल्यूएमएम हे सॉफ्टवेअर वापरून बघितलं, कारण अर्धवट भरलेला पाइप त्याला समजतो. पण त्यातही कुठला व्हॉल्व्ह किती वाजता उघडतो हे भरावंच लागतं, आणि ते चावीवाल्याला जितकं माहीत असतं तितकं ऑफिसच्या नकाशात क्वचितच असतं.