एंडोस्कोपीतली गुंगी: डायझेपामपासून रेमीमॅझोलॅमपर्यंत

1868 साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये आडॉल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका कलाकाराच्या घशातून ताठ नळी पोटात उतरवली. सामान्य रुग्णाला हे सोसवणं शक्यच नव्हतं. 1957 मध्ये बासिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचिक दुर्बीण दाखवली आणि पुढे घशातून दुर्बीण घालून पोट आतून पाहण्याची ही तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, ओपीडीत होऊ लागली. आता रुग्णाला त्याच दिवशी घरी जाता येईल, अशी गुंगी हवी होती.

1963 मध्ये बाजारात आलेलं डायझेपाम त्यासाठी वापरात आलं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून इंजेक्शनच्या द्रावकाने शिरेत आग व्हायची, कधी शीर सुजायची. शिवाय यकृतात मोडल्यावरही त्यातून गुंगी आणणारा घटक शरीरात दीर्घकाळ रेंगाळतो.

मिडॅझोलॅमने शिरेचा त्रास सोडवला. त्याच्या रेणूतली एक कडी आम्लात उघडते, त्यामुळे ते पाण्यात विरघळतं. रक्तात गेल्यावर ती कडी मिटते आणि औषध झटकन मेंदूत पोचतं. 1985 च्या अखेरीस अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, पण हे औषध डायझेपामपेक्षा कितीतरी तीव्र होतं आणि सुरुवातीचे डोस जास्त ठरले. श्वास मंदावून रुग्ण दगावले. मग औषधासोबत ठळक इशारा आला, कमी तीव्रतेचं इंजेक्शन आलं आणि सूचना बदलल्या: निदान दोन मिनिटं घेऊन हळूहळू द्या, पुन्हा देण्याआधी आणखी दोन मिनिटं थांबा. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वात महत्त्वाचा धडा. औषध नवं असलं तरी देणाऱ्याच्या हाताला सवय जुन्या औषधाची असते.

1995 मध्ये इंग्लंडमधल्या 14,149 तपासण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. दर 2,000 मागे एक मृत्यू आढळला. देखरेखीचा अभाव आणि गुंगीच्या औषधाचे मोठे डोस यांचा गुंतागुंतीशी संबंध दिसला. घसा बधिर करणाऱ्या स्प्रेचा न्यूमोनियाशी संबंधही त्यात नोंदवला गेला. आपल्याकडे अनेक ठिकाणी वरची (अन्ननलिका आणि जठराची) एंडोस्कोपी निव्वळ लिग्नोकेनच्या स्प्रेवर होते, म्हणून ही नोंद लक्षात ठेवावी. बोटाला ऑक्सिमीटर लावणं आज साधी गोष्ट वाटते. त्यामागे असे आकडे आहेत.

प्रोपोफॉल हे भुलीचं औषध 1986 मध्ये ब्रिटनमध्ये आलं. त्याचं पहिलं मिश्रण ॲलर्जीसारख्या प्रतिक्रियांमुळे सोडून द्यावं लागलं होतं. सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या लेसिथिनचं दुधाळ रूप यशस्वी ठरलं. रुग्ण लवकर झोपतो, लवकर आणि ताजातवाना उठतो. पण गुंगी आणि पूर्ण भूल यांतलं अंतर फार थोडं, आणि उतारा नाही. मिडॅझोलॅमला फ्लुमाझेनिल हा उतारा आहे. त्यामुळे प्रोपोफॉल भूलतज्ज्ञानेच द्यावं का, हा वाद अनेक देशांत रंगला.

2020 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं रेमीमॅझोलॅम मिडॅझोलॅम आणि प्रोपोफॉल या दोघांच्या मधलं आहे. ऊतींमधली विकरं (एन्झाइम) ते लवकर मोडतात आणि फ्लुमाझेनिलने त्याची गुंगी उतरवता येते. श्वासावर नजर मात्र त्यालाही तितकीच लागते.