ब्रुकलिन पुलावरची रोबलिंग पाटी : पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या मनोऱ्यावरची ही पाटी १९५१ सालची; पूल बांधणाऱ्या रोबलिंग घराण्यातल्या तिघांची नावं तिच्यावर आहेत. पूल खुला झाला १८८३ मध्ये, आणि पाटीवर जिचं नाव सर्वांत आधी येतं ती घराण्याची सून, एमिली वॉरन रोबलिंग, १९०३ मध्ये वारली. शहरातल्या अभियंत्यांच्या एका क्लबाने ही पाटी बसवली.

सासऱ्यांचा अपघात आणि नवऱ्याचं आजारपण सर्वांना ठाऊक आहे. पुलाचा आराखडा करणारे सासरे, जॉन रोबलिंग, अपघातातल्या जखमेने धनुर्वात होऊन १८६९ मध्ये गेले. नदीतळाचा पाया घेताना, दाबाखालच्या हवेत काम करून नवरा, वॉशिंग्टन रोबलिंग, आजारी पडला आणि १८७२ नंतर कामावर जाण्याजोगा राहिला नाही. मुख्य अभियंता मात्र शेवटपर्यंत तोच होता. १८८२ मध्ये त्याला हटवण्याचा प्रस्ताव विश्वस्तांनी १० विरुद्ध ७ मतांनी फेटाळला.

वाद आहे तो दोन अक्षरांचा : एमिलीला इंजिनिअर म्हणायचं की नाही. पाटीवर सासरे आणि नवरा या दोघांच्या नावांपुढे 'सी. ई.' आहे, म्हणजे सिव्हिल इंजिनिअर. सुनेच्या नावापुढे काहीच नाही. तिच्या वाट्याला 'श्रद्धा' आणि 'धैर्य' हे शब्द. तिने आराखडा केला नाही, शिक्षणही त्या विषयाचं नव्हतं, असं म्हणणारे चुकत नाहीत. पण तारदोरांची आणि ताणांची गणितं ती घरी शिकली, रोज कामावर सूचना पोचवत राहिली, ठेकेदारांशी बोलत राहिली. साइटवर हेच काम करणाऱ्याला आपण काय म्हणतो? १८९८ च्या एका पत्रात तिने मुलाला लिहिलं की कुठल्याही दोन इंजिनिअरांपेक्षा अक्कल आपल्याला जास्त आहे. तिला स्वतःला शंका नव्हती.

खरी गंमत पाटीवरच्या शेवटच्या अवतरणात आहे. प्रत्येक थोर कामामागे एका स्त्रीची त्यागमय निष्ठा असते, अशा आशयाची ती ओळ. उद्घाटनाच्या दिवशी एका वक्त्याने जवळपास हेच शब्द वापरले होते. पण तो पुढे हेही म्हणाला होता की ज्या उच्च शिक्षणापासून स्त्रीला फार काळ वंचित ठेवलं, ते पेलण्याच्या तिच्या क्षमतेचंही हा पूल स्मारक आहे. १९५१ च्या पाटीत त्याग उरला, क्षमता गळाली. १८८३ चं भाषण जास्त पुढचं निघालं!

२०२१ मध्ये पुलाखालच्या नव्या चौकाला एमिली वॉरन रोबलिंग हे नाव मिळालं. वरची पाटी मात्र अजून तशीच आहे.